एका बोटाचा उजेड

सोसायटीच्या ॲपवर तक्रार नोंदवायची तर आधी प्रकार निवडावा लागतो. प्लंबिंग, लिफ्ट, पार्किंग, भटकी कुत्री. मी 'इलेक्ट्रिकल' निवडलं आणि खाली लिहिलं, 'घरातले टच लाइट आपोआप लागतात. कृपया माणूस पाठवा.' पुन्हा वाचलं आणि 'आपोआप' खोडून 'अधूनमधून' केलं. आपोआप म्हटलं की लिहिणारी बाई घाबरट वाटते. अधूनमधून म्हटलं की वायरिंग खराब वाटतं.

सर्जापूर रोडवरच्या या नव्या टॉवरमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा लिफ्टच्या आरशावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. आमच्याआधी या फ्लॅटमध्ये कोणीही राहिलेलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येकजण पहिल्यांदा तेच विचारतो. नाही हो, इथे कोणी गेलेलं नाही. कोणी राहिलंच नाही तर जाणार कोण? भिंतींना अजून रंगाचा आणि लांबीचा वास येत होता.

टच लाइट दोनच होते. एक पॅसेजमध्ये, भिंतीत बसवलेला. दुसरा शाल्मलीच्या कॉटशेजारी, पितळी बुडाचा आणि दुधी काचेचा दिवा, तो पद्मनाभने हौसेने आणलेला. पितळेला बोट लावलं की मंद उजेड, साईच्या रंगाचा. पुन्हा लावलं की मध्यम. आणखी एकदा लावलं की भगभगीत, आणि त्यानंतरच्या स्पर्शाला बंद. बाळ चुळबुळलं तर नुसत्या मंद उजेडात थोपटून झोपवायचं, अशी कल्पना. मला ते कधीच जमलं नाही. मी घाईघाईत धडपडत जायची, हात दोनदा-तीनदा लागायचा, खोली लग्नाच्या हॉलसारखी उजळायची आणि शाल्मली टक्क जागी. पद्मनाभ म्हणायचा, "आशू, दिव्याला हात लावायचाय, दार ठोठावायचं नाहीये."

शाल्मली आठ महिन्यांची होती. मी नुकतंच पुन्हा काम सुरू केलं होतं, घरूनच, शेजारच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. काही दिवसांनी ऑफिसला जावं लागणार होतं. लोक विचारायचे, तुला टेन्शन कसलं आहे? नोकरीचं? झोपेचं? मी हो म्हणायची. खरं टेन्शन वेगळं होतं. माझं मूल माझ्याजवळ शांत होत नव्हतं. माझ्या कुशीत ती ताठ व्हायची, पाठ कमानीसारखी वाकवून रडायची. आणि शिवलीलाअक्कांच्या खांद्यावर गेली की तेच मूल ओल्या टॉवेलसारखं सैल पडायचं.

शिवलीलाअक्का दिवसभर शाल्मलीला सांभाळायला यायच्या. अथणीकडच्या. मराठी-कानडी एकाच श्वासात बोलायच्या. मायाळू, स्वच्छ, वेळेवर येणारी बाई. अशा बाईचा राग यायला कारण लागतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं, त्यामुळे राग जास्तच यायचा.

"ताई, तुम्ही लई घट्ट धरताय बघा," त्या सांगायच्या. "पोरगी पळून जातीया व्हय? स्वल्प ढिली सोडा."

"धरते आहे कारण ती पडेल अक्का."

"पडत नाही. तुम्ही भिताय, ते तिला कळतंय."

झालं. म्हणजे माझी भीती माझ्या मुलीलाही कळली होती. तिलाच तेवढं कळायचं बाकी होतं.

तक्रारीवर मंजुनाथ आला. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन. तो कानडी, हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलायचा. मी आपलं मराठीतच सांगते. त्याने पॅसेजमधला लाइट खोलला, प्लगमध्ये टेस्टर घातला, मीटरने काहीतरी मोजलं.

"मॅडम, हे सगळ्या टॉवरमध्ये आहे. लाइट जातो, जनरेटर येतो, त्या झटक्याला टच लाइट लागतो. अर्थिंग पण स्वल्प कमी आहे. दमट हवेत सेन्सर वेडा होतो. कधी पाल चालते दिव्यावरून."

"पाल?"

"पालीला पण अंग आहे ना मॅडम. सेन्सरला काय, माणूस काय, पाल काय."

त्याने अर्थिंग नीट केलं, अडॅप्टर बदलला, दिव्याचा प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये घातला. मग मेन स्विच पाडून पुन्हा चालू केला. दोन्ही लाइट एकदम भगभगीत लागले. "हे बघा. झटक्याने लागला की असा फुल लागतो. सरी? ठीक?"

"सरी," मी म्हटलं. तो लिफ्टमध्ये शिरल्यावर मला जाणवलं, आमचा दिवा असा कधीच लागत नव्हता. आमचा लागायचा तो मंद. नेहमी मंद. अगदी एका बोटाचा.

दुपारी शाल्मलीच्या खोलीत जाड पडदे ओढलेले असतात. बाहेर रणरणतं ऊन आणि आत विहिरीसारखा काळोख. बेबी मॉनिटरचा स्पीकर माझ्या टेबलावर. त्यात कुरकुर ऐकू यायची, माझे खांदे वर चढायचे, मी कॉलवर 'एक मिनिट' म्हणायच्या आत आवाज थांबायचा. दाराच्या फटीतून साईच्या रंगाची रेघ दिसायची. मी मनाशी म्हणायची, पोचल्या अक्का. माझ्याआधी पोचल्या. रोजच पोचतात.

एकदा मी हेडफोन टाकून धावले. खोलीत दिवा मंद जळत होता. शाल्मली शांत, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर दूध प्यायल्यावर असतं तसं समाधान. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले तर अक्का ज्वारीचं पीठ मळत होत्या, कोपरापर्यंत पांढऱ्या.

"अक्का, आत्ता तुम्ही आत होता?"

"ह्या हातांनी?" त्यांनी हात वर केले. "पोरगी रडली व्हय? मला नाही ऐकू आलं. तुम्हीच गेल्ता न्हवं?"

"हो... मीच."

का खोटं बोलले कुणास ठाऊक. बहुतेक, माझ्या मुलीला कोणी झोपवलं हे मला माहीत नाही, असं म्हणण्याची लाज वाटली.

त्याच आठवड्यात अक्का गावच्या जत्रेला गेल्या. खरं सांगते, त्यांचा निरोप घेताना मला आनंद झाला. आता रडली की मीच. शांत झाली तरी मीच.

पहिल्याच दुपारी शाल्मली रडायला लागली. पण मी लगेच उठले नाही. लॅपटॉप बाजूला सारला आणि फोनवर कॅमेरा उघडला. काळोखात कॅमेऱ्याचं चित्र राखाडी दिसतं, बाळाचे डोळे मांजरासारखे चमकतात. शाल्मली कॉटमध्ये उताणी, तोंड वासून रडत होती. मग चित्र राखाडीचं रंगीत झालं. दिवा लागला होता. मंद.

तिने मान वळवली. दिव्याकडे नाही, दिव्याच्या थोडं अलीकडे आणि वर, जिथे वाकलेल्या माणसाचा चेहरा असतो तिथे. हुंदका गिळला आणि ती हसली. कपाळावर आलेलं तिचं जावळ हळूच मागे गेलं. पुन्हा पुढे आलं, पुन्हा मागे गेलं. पंखा बंद होता. खिडकी बंद होती. जावळ मागे जात होतं, एका लयीत, कोणीतरी अगदी सवयीचा हात फिरवत असल्यासारखं.

भीती नंतर आली. आधी आला तो राग.

भुताला बघून आईला काय वाटावं? धावत जावं, मूल उचलावं, देवाचं नाव घ्यावं. माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य होतं, 'हिला एका बोटात कसं जमतं?' बाकी सगळं त्यानंतर. मी फोन टेबलावर टाकून खोलीकडे धावले. दार उघडलं. खोलीत कोणी नव्हतं. फक्त हवा थोडी उबदार होती, आंघोळीनंतर न्हाणीघरात असते तशी. शाल्मलीने माझ्याकडे पाहिलं आणि रडायला सुरुवात केली.

मी दिव्याचा प्लग काढला. पॅसेजमधल्या लाइटवर टेप चिकटवली.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. शाल्मली रडत होती आणि थकून झोपत होती, उठून पुन्हा रडत होती. दूध तोंडाला लावलं की मान फिरवायची. डॉक्टरांनी तपासलं. कान ठीक, पोट ठीक, दात यायचे असतील. मी तिला थोपटलं, गायलं, बाल्कनीत फिरवलं, खालची वाहनं दाखवली. ती माझ्या खांद्यावरून मागे, खोलीकडे बघत राहायची, हात लांब करून.

"तो दिवा लाव ना आशू," पद्मनाभ म्हणाला. "त्याच्या उजेडात ती शांत असायची."

"दिवा खराब आहे."

"मंजुनाथ म्हणाला ना, दुरुस्त केला म्हणून."

"मग मंजुनाथला बोलव मूल झोपवायला!"

तो भांडी आवरायला गेला. बिचारा घरकामात मदत करणारा, शहाणा नवरा. त्याला काय सांगणार? की मला सवत आहे, आणि ती तुझ्यासाठी नाही आलेली?

शेवटी मीच हरले. शाल्मलीचा आवाज बसला होता, रडताना नुसती हवा बाहेर येत होती. मी प्लग लावला आणि हात मागे घेतला. माझं बोट पितळेला लागण्याआधीच दिवा लागला. मंद. शाल्मलीने मोठा उसासा टाकला, तहानलेल्या माणसाने पाणी पिऊन टाकावा तसा, आणि झोपली. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या कॉटशेजारी, पाहुण्यासारखी.

अक्कांचा गावचा मुक्काम लांबत गेला. इकडे ती सराईत झाली. ती म्हणजे कोण ते मला माहीत नाही. पण ती बाई होती याबद्दल मला कधी शंका आली नाही. पुरुषाबद्दल एवढा मत्सर वाटत नाही. शाल्मलीची दुपटी नीट घडी केलेली सापडायची, माझ्यासारखी गुंडाळलेली नाही. एका संध्याकाळी पद्मनाभ ऑफिसातून आला, शाल्मलीला उचललं आणि तिच्या डोक्याला नाक लावून थांबला.

"वा! धुरी दिलीस? ओवा, वेखंड... अगदी आजीच्या घरातला वास."

आमच्या छतावर धुराचा अलार्म आहे. साधी उदबत्ती लावली तरी तो बोंबलतो. मी पुढे होऊन वास घेतला. खरंच येत होता. निखाऱ्यावर ओवा तडतडल्यावर येतो तो, उग्र आणि गोड.

"किती छान केलंस," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं तुला असलं काही येत असेल."

"येतं की," मी म्हटलं.

असं ते श्रेय मी लाटलं. पद्मनाभने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याच क्षणी पॅसेजमध्ये, टेपखाली, लाइट लागला. टेपच्या कडांतून उजेड गळत राहिला. मला वाटलं, कोणीतरी उभं राहून ऐकतंय.

मग मी ठरवलं, तिला निरोप द्यायचा. हाकलायचं नाही. मंत्र, लिंबू, मिरच्या, मला त्यातलं काही येत नाही, आणि जिने माझं मूल झोपवलं तिच्यावर मिरच्या ओवाळायच्या हे माझ्या मनालासुद्धा बरं वाटेना. आपल्याकडे घरी आलेल्या बाईला कोणी जा म्हणत नाही. तिची ओटी भरतात. हळदीकुंकू लावलं, ओटीत नारळ पडला की तिला आपोआप कळतं, आता उठायचं. नागपूरला आमच्या आईने कितीतरी चिवट पाहुण्या अशा सन्मानाने वाटेला लावलेल्या मी पाहिल्या आहेत.

शुक्रवारी दिवेलागणीला मी कॉटसमोर पाट मांडला. पद्मनाभ ट्रॅफिकमध्ये अडकलेला. ताटात तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड. राहिला ब्लाउजपीस. ब्लाउजपीस ही अशी वस्तू आहे की ती कोणी शिवत नाही, नुसती पुढे सरकवतं. माझ्याकडेही सगळ्यांकडे असते तशी एक पिशवी होती, इकडून आलेले तिकडे द्यायचे. हात घातला आणि लाल काठांचा हिरवा खण हाती आला. बरा दिसला. तोच ठेवला.

पाटासमोर बसून मी ताट पुढे केलं. रिकाम्या हवेला कुंकू लावताना बोट कुठे थांबवावं ते कळेना. कपाळ असेल तिथे अंदाजाने टेकवलं. हवा उबदार लागली.

"तुम्ही हिच्यासाठी पुष्कळ केलंत," मी म्हटलं. "मला येत नव्हतं ते तुम्ही केलंत. आता मी बघेन. तुम्ही... सुखाने जा."

काही झालं नाही. पाण्याचा पंप कुठेतरी सुरू झाला. शाल्मली कॉटच्या कठड्यातून टकमक बघत होती.

मग दिवा लागला. मंद. दिवा मध्यम झाला. मध्ये बराच वेळ गेला. मग भगभगीत, खोलीतली प्रत्येक वस्तू आपापल्या सावलीसकट स्पष्ट. मग बंद.

मी धडपडत उठून भिंतीवरचं साधं बटण दाबलं. ताट जागेवर. तांदळाचा एक दाणा हललेला नव्हता. नारळ तसाच. फक्त खण नव्हता. पाटाखाली, कॉटखाली, सगळीकडे शोधला. नव्हता. आणि मी, देवाशपथ, आनंदाने हसले. ओटी घेतली. गेली.

नंतरचे दोन-चार दिवस फार चांगले होते. दिवा लागला नाही. दुपटी विस्कटलेली राहिली. शाल्मली रडायचीही नाही फारशी, गप्प पडून असायची. मी म्हटलं, शहाणी झाली पोर.

आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी पिशवीतले ब्लाउजपीस पलंगावर पसरून नीट लावत होते.

"काहून गं, एवढा बाजार मांडला?" आई म्हणाली. "आणि तो हिरवा खण कुठाय? तुझ्या डोहाळजेवणाचा? त्याची शाल्मलीला कुंची शिवून घे म्हटलं होतं ना मी. थंडीच्या आत शिव."

"कुठला हिरवा?"

"अगं लाल काठाचा. सातव्या महिन्यात तुझ्या ओटीत घातला तो. बाकीचे दे कुणालाही, तो नाही देत. ती बाळाची ओटी असते. ज्या ओटीत तो खण पडला त्या ओटीतच मूल खेळतं, अशी म्हण आहे आपल्याकडे... आशू? ऐकू येतंय का? आवाज येत नाहीये तुझा."

"येतोय ऐकू," मी म्हटलं.

"दिलास का कुणाला?"

मी फोन पालथा ठेवला. पलंगावर रंगीत कापडं पसरलेली होती, निळी, आमसुली, पोपटी. पुन्हा एकदा एकेक उचलून पाहिली. मी वाटेला लावायला म्हणून तिच्यासमोर बसले होते. आणि माझ्या हाताने, कुंकू लावून, ताटात ठेवून, काय देऊन बसले होते?

आईच्या म्हणण्याला अर्थ नाही, हे मी स्वतःला सांगत शाल्मलीच्या खोलीत गेले. आभाळ भरून आलं होतं, पडद्यांआड अंधार दाटला होता. ती जागी होती, छताकडे बघत. मी दिव्याच्या पितळेला बोट लावलं.

दिवा लागला नाही.

पुन्हा लावलं. मग तळवा ठेवला. मग दोन्ही हातांनी धरला. पितळ थंड आणि निर्जीव. प्लग बघितला, बटण बघितलं. पॅसेजमध्ये जाऊन टेप ओरबाडली आणि त्या लाइटला बोट लावलं. तोही नाही. दुसऱ्या दिवशी मंजुनाथला बोलावलं. तो चप्पल दाराबाहेर काढून आत आला, वाकला, बोटाने दिव्याला स्पर्श केला. मंद उजेड पडला.

"चालू आहे की मॅडम."

"मी लावल्यावर लागत नाही."

त्याने दिवा बंद केला. मी बोट लावलं. काही नाही. तो हसला, मग हसायचा थांबला. त्याने लावलं, लागला. मी लावलं, नाही.

"तुमचा हात ड्राय असेल मॅडम. सारखं साबणाने धुता ना, लहान बाळ आहे म्हणून. क्रीम लावा स्वल्प." पण त्याने मीटर पिशवीत टाकताना माझ्या हाताकडे पुन्हा एकदा पाहिलं. "सेन्सरला अंग कळतं, मॅडम," तो जरा चाचरत म्हणाला. "पालीचं पण कळतं."

मी क्रीम लावलं. खोबरेल लावलं. हात ओले करून पाहिले, शॉक बसला तर बसो. पद्मनाभने लावला की लागायचा. रात्रीचं जेवण उरकताना तो म्हणाला, "नवा सेन्सर घालू, त्यात काय!" मी हो म्हटलं. त्याने माझा हात हातात घेतला होता, मला त्याची बोटं जाणवत होती. माझी त्याला जाणवत होती का, हे मी विचारलं नाही.

दिव्याचं मला काही नव्हतं हो. मला ज्याची भीती होती, ते पुढच्या दुपारी पाहिलं.

शाल्मली कॉटमध्ये रडायला लागली. मी गेले, तिच्या छातीवर हात ठेवला. ती रडत राहिली. मी थोपटलं. गाल कुरवाळला. तळपायाला गुदगुल्या केल्या, ज्याला ती हमखास पाय आखडते. पाय तसाच. चिडून ढकलणंसुद्धा नाही, पूर्वी पाठ ताठ करायची तसंही नाही. जणू तिच्या अंगावर काही टेकलंच नव्हतं. तिचे डोळे माझ्या तोंडावरून सरकून पुढे गेले, काचेवरून सरकतात तसे.

मी कठड्यावर वाकले, माझं बोट तिच्या उघड्या तळव्यात ठेवलं आणि तसंच धरून राहिले. लॅपटॉपवर कोणीतरी मला हाका मारत होतं, ऑफिसमधलं. मारू दे. बाहेर पावसाचे टपोरे थेंब काचेवर वाजायला लागले. मी गायले नाही, थोपटलं नाही, घट्ट धरलं नाही. नुसतं बोट ठेवून उभी राहिले, कंबर भरून आली तरी. आणि फार वेळाने, मी आशा सोडल्यावर, तिची मूठ मिटली.

माझ्या बोटाभोवती. ओलसर, गरम, घट्ट.

रडणं थांबलं. श्वास लांबला. दिवा बंद होता. कुणीही लावलेला नव्हता. पहिल्यांदा, आठ महिन्यांत पहिल्यांदा, काळोखात, कोणाच्याही मदतीवाचून माझी मुलगी माझा हात धरून झोपली होती. मला रडू फुटलं. ते मी तोंड दाबून आत ढकललं. मला कुणाचा हेवा वाटत नव्हता. अक्कांचा नाही, तिचा नाही. हे सुख असं असतं तर, मी म्हटलं.

डोळे काळोखाला सरावले तसं मला हळूहळू दिसायला लागलं. तिचे ओठ. पापण्या. माझ्या बाजूची मूठ, आणि त्यातून बाहेर आलेलं माझ्या बोटाचं टोक.

मग दुसरी मूठ. तीही मिटलेली होती. तो हात कॉटच्या पलीकडच्या कठड्याकडे ताणलेला होता, खांद्यापासून सरळ, हवेत अधांतरी. झोपलेल्या बाळाचा हात असा राहत नाही. मूठ पूर्ण मिटली नव्हती. मधे एक पोकळी होती, बोट मावेल एवढी. नखं पांढरी पडेपर्यंत आवळलेली, आणि त्या पोकळीभोवती तिच्या हाताची कातडी दबलेली.

मी हलले नाही. पलीकडूनही कोणी हललं नाही. पाऊस वाढला. आमच्या दोघींच्या मधे शाल्मली शांत श्वास घेत होती, दोन्ही हात पसरून.

मी सोडणार नव्हते. बोट बधिर झालं, तरी नाही. मी मनात म्हटलं, बघू कोण आधी थकतं ते.

शाल्मलीने डोळे न उघडता एक मूठ सोडली.

माझी.